खुर्ची विकली, माणूस गेला

बुधवारी दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर लगेच, पॉलिशवाला मेला आणि फर्निचरच्या दुकानातल्या बाकीच्या माणसांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

मेला म्हणजे सिनेमात मेला. एरवी तो चांगला धडधाकट होता आणि मेल्यानंतर पाच मिनिटांत मागच्या अंगणात उकिडवा बसून चहा पीत होता. पण बाकीचे त्याच्याकडे असे बघत होते, की त्यालाच आपल्या प्रकृतीची शंका यायला लागली.

याचं मूळ मालकांच्या घरात होतं. मालकांना एकच मुलगी आणि त्या मुलीला साहजिकच एकच नवरा. ‘विकलेला माल आठ दिवसांत बदलून मिळेल’ अशी पाटी दुकानात होती, पण ती जावयाला लागू नव्हती. जावईबापूंनी आजवर मध विकून पाहिला होता, शोभेचे मासे पाळून पाहिले होते आणि लोकांना आयुष्यात यशस्वी कसं व्हावं याचे वर्गही घेऊन पाहिले होते. कशातच राम दिसेना, तेव्हा त्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं. नाव ठरलं ‘खुर्ची घेईल बळी’.

“काढा,” मालक म्हणाले. “पण माझ्या दुकानात काढा, माझ्याच माणसांना घेऊन काढा, आणि दुकान चालू ठेवून काढा. वरचा खर्च मी करणार नाही. आणि एक, खुर्च्यांना लावलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या काढायच्या नाहीत.”

“पण बाबा, चिठ्ठ्या दिसल्या तर प्रेक्षकांना भीती कशी वाटणार?”

“किंमत वाचून वाटेल,” मालक म्हणाले, आणि पुन्हा दारात जाऊन उभे राहिले. रस्त्याच्या पलीकडे तीन मजली काचेचं नवं फर्निचरचं दुकान निघालं होतं. हल्ली मालक हात मागे बांधून त्याच्याकडे तासन्‌तास बघत उभे असत आणि काही बोलत नसत. मालक बोलले तर माणसं घाबरतात, पण बोलेनासे झाले तर जास्त घाबरतात.

सिनेमाची गोष्ट सोपी होती. सहा माणसं एका कुलूपबंद फर्निचरच्या दुकानात जागी होतात. मध्ये पाच खुर्च्या. कुठूनतरी आवाज येतो, “खेळ सुरू करा!” मग संगीत वाजतं, माणसं खुर्च्यांभोवती पळतात, संगीत थांबतं, आणि ज्याला खुर्ची मिळत नाही तो गळा धरून मरतो.

“पण कशानं मरतो?” सुतारमामांनी विचारलं. मामा दुकानातले सर्वांत जुने आणि कुठलीही गोष्ट उलटी करून तिचे सांधे बघितल्याशिवाय पुढं न जाणारे.

“अदृश्य शक्तीनं,” जावईबापू म्हणाले. “तिला खर्च नाही.”

“आणि आम्हाला कोंडलं कुणी?”

“ते दुसऱ्या भागात.”

संगीतासाठीही खर्च करायचा नव्हता. टेम्पो मागे घेताना जी धून वाजते तीच वापरायची ठरलं. वॉचमननं बाहेर टेम्पोत बसून गिअर मागचा टाकला की आत माणसं जिवाच्या आकांतानं पळायला लागत. आणि कॅमेरा म्हणजे जावईबापूंचा मोबाइल एकटाच असल्यामुळं, पुढं जोडाजोड करताना घोळ नको म्हणून, प्रत्येकानं रोज आपल्याच ठरलेल्या खुर्चीवर बसायचं असा नियम झाला.

“आपापल्याच खुर्चीवर बसायचं, तर पळायचं कशाला?” मामा म्हणाले.

“मामा, तुम्ही कला समजून घ्या.”

“घेतो. पण मग मरणार कोण?”

“ज्याची खुर्ची मी काढून घेईन तो.”

हे वाक्य जावईबापूंनी सहज उच्चारलं. पण ऐकणाऱ्या सहाही माणसांनी एकदम मालकांच्या पाठीकडं पाहिलं. मालक दारात उभे राहून समोरचं दुकान बघत होते.

पहिल्या दिवशी वॉचमन मेला. त्याला खुर्चीच नव्हती, शिवाय त्याला टेम्पोत परत जायची घाई होती. दुसऱ्या दिवशी दारातलं त्याचं स्टूल रिकामं दिसलं, आणि टेम्पोत गिअर टाकायला चहावाल्या पोराला बसवावं लागलं. गल्ल्यावर बसणाऱ्या कॅशियर मावशींनी मालकांना विचारलं, “वॉचमन कुठं दिसत नाही?”

“त्याला म्हटलं, आता येऊ नकोस,” मालक म्हणाले, आणि फोनवर बोलायला निघून गेले.

मावशी दुकानात वीस वर्षं होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर कधी काही दिसत नसे. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसून झालेला चष्मा परत पुसला.

मग आला तो बुधवार. शूटिंग चालू असताना एक गृहस्थ आत शिरले, पळणाऱ्या माणसांमधून वाट काढत सरळ पॉलिशवाल्याच्या खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले, “ही द्या.” मालकांनी तिथल्या तिथं दिली. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक! पॉलिशवाला बसायला गेला तो थेट जमिनीवर. जावईबापूंनी मोबाइल न थांबवता ओरडून सांगितलं, “मर! मर! छान चाललंय, मर!” तेव्हापासून नियमच पडून गेला, खुर्ची विकली की माणूस गेला. आणि गुरुवारी सकाळी बघतात, तर पॉलिशवाल्याचे डबे, ब्रश, फडकी सगळं दुकानातून उचलून मागच्या अंगणात टाकलेलं.

“कुणी टाकलं?” मामांनी विचारलं.

“मालकांनी सांगितलं म्हणे,” टेम्पोवाला म्हणाला.

जो सिनेमात मरतो तो नोकरीतून जातो, आधी दारातून, मग अंगणातून, हे प्रत्येकानं आपापल्या मनाशी जुळवून टाकलं.

सर्वांत चांगलं जुळवलं बसाबसानं. बसाबसा म्हणजे दुकानातला सेल्समन. गिऱ्हाईक पायरीवर दिसलं की “बसा, बसा, बसून तर बघा!” म्हणत तो असा धावायचा की गिऱ्हाइकाला बसण्यावाचून गत्यंतर नसे. त्यावरून हे नाव पडलं होतं. त्याचं खरं नाव मावशींना फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं. स्वभावानं तसा गरीब, पण शंकेखोर. चहात साखर कमी पडली तर ती कुणी आणि का कमी केली याचा तो जेवणापर्यंत विचार करी. बारा वर्षांत दुसरं काही काम शिकलेला नव्हता, आणि या वयात समोरच्या काचेच्या दुकानात त्याला कुणी दारातही उभं केलं नसतं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि घरीही ठाऊक होतं.

“म्हणजे मालकांना माणसं कमी करायची आहेत,” त्यानं संध्याकाळी बायकोला समजावलं. “तोंडावर सांगवत नाही, म्हणून हा सिनेमा काढला.”

“एवढा उपद्व्याप?”

“मोठी माणसं अशीच असतात. सरळ काही करत नाहीत.”

बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, “मग तुम्ही शेवटपर्यंत जगा.”

“ते माझ्या हातात आहे का?”

“खुर्च्या विकतं कोण?”

बसाबसा बघतच राहिला. बारा वर्षं संसार केला, पण या बाईच्या अंगी एवढं कसब असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“आपली विकायची नाही,” बायको देठ मोडत म्हणाली, “आणि दुसऱ्याची ठेवायची नाही. यात अवघड काय आहे? आणि हे बघा, नोकरी गेली म्हणून घरी बसायचा विचार करत असाल, तर आपल्या घरात बसायला खुर्ची नाही.”

शुक्रवारी बसाबसा वेगळाच माणूस होऊन दुकानात आला. गिऱ्हाईक शिरलं की तो त्याला सरळ टेम्पोवाल्याच्या खुर्चीकडे न्यायचा.

“बसा, बसा! पाठ टेकून बसा. वाटतंय ना आईच्या मांडीवर बसल्यासारखं?”

“छान आहे. पण ती पलीकडची पण बरी दिसते,” गिऱ्हाईक बसाबसाच्या खुर्चीकडं बोट दाखवायचं.

“ती? नको साहेब. तुम्ही चांगल्या घरचे दिसता, म्हणून सांगतो. ती कंबर धरते.”

संध्याकाळपर्यंत टेम्पोवाल्याची खुर्ची गेली. ती टेम्पोवाल्यानं स्वतःच गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवली, परत आला आणि मेला. मरताना त्यानं बसाबसाकडं असं पाहिलं, की जावईबापू “वा! काय द्वेष आहे डोळ्यांत!” म्हणून खूश झाले.

मेल्यावर टेम्पोवाल्याला दिवसभर काम उरेना. जिवंत माणसं शूटिंगमध्ये अडकलेली, गिऱ्हाईक दारात ताटकळतंय, म्हणून तो आपणहून पुढं होऊ लागला. त्याला गोड बोलता येत नसे. तो म्हणे, “हे कपाट तुमच्या जिन्यातून वर जाणार नाही. ते जाईल.” एवढंच. आणि गंमत म्हणजे लोक ‘ते’ घेऊन जात. बसाबसानं हे पळता पळता पाहिलं. पण थांबून विचार करायला त्याला सवड नव्हती. खुर्च्यांभोवती आता तिघंच पळत होते, आणि उरलेले दोघं गल्ल्यापाशी डोकी जवळ घेऊन कुजबुजताना त्याला दोनदा दिसले होते.

शनिवारी एक जाडजूड बाई आल्या आणि इकडंतिकडं न बघता बसाबसाच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

“ही बांधा.”

“बाई, ही कंबर धरते.”

“धरू दे. माझी कंबर आधीच धरलेली आहे.”

“हिचा रंग उन्हानं उडतो.”

“आमच्या घरात ऊन येत नाही.”

“ही जरा अपशकुनी आहे, बाई. गेल्या खेपेला जी घेऊन गेले, त्यांच्याकडं…”

“अपशकुनी कशी असेल? वहिनी तर म्हणाली, सगळ्यांत चांगली हीच…” एवढं बोलून बाईंनी जीभ चावली आणि गल्ल्याकडं पाहिलं. गल्ल्यावर मावशी अचानक नाणी मोजायला लागल्या होत्या.

बसाबसाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही मावशींची नणंद! सख्ख्या वहिनीच्या सांगण्यावरून नणंद काही विकत घेते, म्हणजे कट किती खोल असेल!

“ही खुर्ची बुक आहे,” तो म्हणाला.

“कुणी केली बुक?” गल्ल्यावरून मावशींचा आवाज आला. “माझ्याकडं तर पैसे आले नाहीत.”

“आत्ता येतील. मी केली.”

“तू?”

“मीच. घरी खुर्ची नाही. बायकोनं सांगितलंय.” आणि त्यानं खिसा उलटा करून होतं-नव्हतं ते गल्ल्यावर ओतलं.

आता पेच पडला. मावशी म्हणाल्या, खुर्ची विकली, तेव्हा बसाबसा मेला. बसाबसा म्हणाला, विकली नाही, बुक केली. खुर्ची जागची हललेली नाही. सुतारमामा मावशींच्या बाजूनं बोलले. टेम्पोवाला मेलेला असल्यामुळं त्याला मत नव्हतं, तरी त्यानं दिलं. नणंद खुर्चीतून उठायला तयार नव्हती. शेवटी प्रकरण जावईबापूंकडं गेलं. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला.

“बुक झालेली खुर्ची म्हणजे माणूस जखमी,” ते म्हणाले. “मेला नाही. जबर जखमी.”

झालं! बसाबसाच्या डोक्याला पट्टी बांधली, एक हात गळ्यात अडकवला, आणि इथून पुढं लंगडत पळायचं असं ठरलं. नणंदबाईंनी जाताना एक चौरंग घेतला, तो टेम्पोवाल्यानं विकला.

या भानगडीनंतर कुणाचाच कुणावर विश्वास उरला नाही. मावशी चहाचा कप आधी दुसऱ्यासमोर ठेवत आणि त्यानं घोट घेतल्यावर आपला उचलत. मामा आपल्या खुर्चीपासून हलेनात. नंतर कळलं की त्यांनी एक भलतीच युक्ती केली होती. गिऱ्हाईक बसलं की खुर्ची डुगडुगावी आणि त्यानं नाक मुरडून निघून जावं, म्हणून मागच्या एका पायाचा खिळा त्यांनी स्वतःच्या हातानं सैल करून ठेवला होता. कल्पना उत्तम होती. खुर्ची दोन गिऱ्हाइकांनी नाकारली. मामांनी जन्मभर घट्ट सांधे केलेले, सैल सांध्याचा त्यांना अंदाज नव्हता. सोमवारी टेम्पोची धून थांबली, मामा झेप घेऊन खुर्चीवर बसले, आणि कडाड्‌ असा आवाज होऊन खुर्चीसकट उताणे झाले.

“अगं आई गं!”

“हे कुणी लिहिलं?” जावईबापू आनंदानं नाचायला लागले. “खुर्ची न विकता मृत्यू! नैसर्गिक मृत्यू!”

“नैसर्गिक कसला डोंबलाचा! कुणीतरी पाय सैल केला!” मामा कळवळून म्हणाले, आणि मग कुणी केला ते आठवून गप्प झाले. पण बसाबसाला ते माहीत नव्हतं. हे मावशींचंच काम, अशी त्याची खात्री झाली. आधी नणंद, आता खिळा. आपल्या खुर्चीखाली तो रोज सकाळी पाठीवर झोपून बघू लागला. गळ्यात अडकवलेला हात काढायला जावईबापूंची परवानगी नव्हती, त्यामुळं आत शिरणं सोपं जाई, बाहेर निघताना पॉलिशवाल्याला हाक मारावी लागे.

आता राहिले दोघं. बसाबसा आणि मावशी. खुर्च्याही दोन. दुकानात इतर माल भराभर हलत होता. मामा कमरेला पट्टा बांधून उरलेल्या खुर्च्यांचे सगळेच खिळे पुन्हा ठोकून देत होते. एकदा पाप केल्यावर माणूस असा नेटका होतो. अंगणात उजेड चांगला असल्यामुळं पॉलिशवाल्याची दोन कपाटं एका दिवसात होऊ लागली होती. या गोष्टी बसाबसाच्या कानावर येत, पण कान त्याचे तिकडं नव्हतेच. मावशींची खुर्ची खपत का नाही, या एका काळजीनं तो पोखरला होता. तो रोज गिऱ्हाइकांना मावशींच्या खुर्चीकडं नेई, लोक बसून बघत, मान डोलवत, आणि निघून जात.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी तो लंगडत लंगडत त्या खुर्चीपाशी गेला, चारही बाजूंनी फिरला, आणि किंचाळला.

“हिला चिठ्ठी नाही!”

“कसली चिठ्ठी?” मावशी शांतपणे म्हणाल्या.

“किमतीची! ही विकायची खुर्चीच नाही! ही गल्ल्यावरची तुमची रोजची खुर्ची आहे! मावशी, तुम्ही पहिल्या दिवसापासून अमर आहात!”

“मला ती सवयीची पडते,” मावशी म्हणाल्या. “मणक्याचा त्रास आहे मला.”

“आणि आम्ही इकडं मरतोय!”

“तू कुठं मेलास? तू तर जखमी आहेस.”

जावईबापूंना अन्याय पटला. चिठ्ठी लागली. त्यानंतर पाव तासात एक म्हातारेबुवा दारात आले. त्यांना पोस्टात जायचं होतं, रस्ता विचारायला आले होते. बसाबसानं त्यांना दंडाला धरून आत आणलं, “बसा, बसा, दमला असाल,” म्हणून मावशींच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यांच्या मुलांची निंदा ऐकून घेतली, आणि ते निघाले तेव्हा टेम्पोत खुर्ची होती आणि शेजारी ते होते. पोस्ट कुठं आहे हे मात्र कुणी सांगितलंच नाही.

मावशी मेल्या. पण सहजासहजी मेल्या नाहीत. गळा धरून खाली बसल्यावर त्यांनी तिथूनच बोलायला सुरुवात केली. वीस वर्षांत कोण किती उशिरा आलं, कुणी उचल मागताना कुठल्या मेलेल्या काकांना दुसऱ्यांदा मारलं, पलीकडच्या दुकानात चौकशीला कोण गुपचूप जाऊन आलं, सगळं त्या सांगत गेल्या. जावईबापूंनी दोनदा “आता मरा, मावशी” असं खुणावलं. मावशींनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मासे पाळायच्या धंद्यावर यायला लागल्या, तेव्हा मोबाइलची बॅटरी संपली.

अशा रीतीनं बसाबसा जगला. शेवटच्या प्रसंगात तो डोक्याला पट्टी बांधून एकट्याच खुर्चीभोवती लंगडत सात फेऱ्या मारतो, खुर्चीत बसतो आणि गडगडाटी हसतो. ते हसणं अगदी मनापासूनचं होतं. त्याला अभिनय करावा लागला नाही.

सिनेमा पहिल्यांदा दाखवायचा तो दुकानातच, सुट्टीच्या दिवशी दुपारी. भिंतीला पांढरी चादर लावली. खुर्च्या सगळ्या खपलेल्या असल्यामुळं मंडळी सतरंज्यांवर बसली. मालक मध्ये, त्यांच्या शेजारी जावईबापू. बसाबसाची बायको सर्वांत पुढं, ठेवणीतल्या कपड्यांत. आळीतल्या बायकांना ती सांगून आली होती, की आमचे हे शेवटपर्यंत असतात. आणि दारात कोण उभा? वॉचमन!

“अरे, तू? तुला काढलं होतं ना?” मामांनी विचारलं.

“काढलं? मुलीचं बाळंतपण होतं. मालकच म्हणाले, आता येऊ नकोस, आधी तिकडं बघ. नात झाली!”

मामांनी मावशींकडं पाहिलं. मावशींनी चष्मा काढला. पण एवढ्यात सिनेमा सुरू झाला आणि विषय राहिला.

सिनेमा कसा होता? जावईबापूंच्या तोंडावर सगळे ‘वेगळा आहे’ म्हणाले, यावरून काय ते समजावं. माणसं जिवाच्या भीतीनं पळत होती आणि मागून “कोपऱ्यातलं टेबल किती लांबीचं आहे हो?” असा आवाज येत होता. पॉलिशवाला मरताना एक बाई पोराचं नाक पुसत चौकटीतून आरपार निघून गेली. धून थांबली तरी माणसं दोन-दोन फेऱ्या जास्त पळत होती, आणि प्रत्येक प्रसंगात खुर्चीच्या पाठीला किमतीची चिठ्ठी लोंबत होती. कुणालाही कसलीही भीती वाटली नाही. वॉचमनची तर पहिल्या दहा मिनिटांत समाधी लागली.

मालक मात्र टक लावून बघत होते. ते पळणाऱ्या माणसांकडं बघत नव्हते. ते मागं बघत होते.

“थांबवा जरा,” ते म्हणाले. “हा मागं अंगणात कपाट कोण घासतोय?”

“मी, मालक,” पॉलिशवाला म्हणाला. “मेल्यानंतरचा.”

“आणि हा गिऱ्हाइकाला पलंग दाखवतोय तो?”

“मी,” टेम्पोवाला म्हणाला. “मी पण मेल्यानंतरचाच.”

“पलंग गेला?”

“दोन गेले.”

सिनेमा पुढं सरकला. पुढं माणसं कमी कमी होत गेली आणि मागं वाढत गेली. पुढं बसाबसा लंगडत होता, मागं मामा खिळे ठोकत होते. पुढं बसाबसा खुर्चीखाली झोपून काहीतरी शोधत होता, मागं मावशी एका हातानं पैसे घेत दुसऱ्या हातानं फोनवर बिछान्यांची मागणी घेत होत्या. शेवटी मोठा प्रसंग आला. बसाबसा खुर्चीत बसून गडगडाटी हसला, आणि त्याच्या मागं मेलेली चारही माणसं मिळून एक भलंमोठं जेवणाचं टेबल उचलून बाहेर नेत होती.

चादर कोरी झाली. बसाबसाच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. एकटीनंच.

“मावशी, या महिन्यात विक्री कशी झाली?” मालकांनी विचारलं.

“गेल्या कित्येक वर्षांत झाली नव्हती अशी.”

“हं.” मालक सावकाश वळले. “बसाबसा, तू या सबंध सिनेमात काय करतोयस?”

“मी… मी जिवंत आहे, मालक.”

“ते दिसलं मला.”

“मालक,” मावशी मध्येच म्हणाल्या, कारण मेल्यापासून त्यांची भीड चेपली होती, “आम्हाला वाटलं होतं, जो मरेल त्याला तुम्ही काढणार.”

“काढणार? मी?” मालकांना खरोखरच आश्चर्य वाटलं. “कुणाला काढायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं.” त्यांनी कोऱ्या चादरीकडं बोट दाखवलं. “सिनेमा बघेपर्यंत नव्हतं.”

बसाबसाच्या पायाखालची सतरंजी सरकली. बायकोला टाळ्या वाजवलेल्या हातांचं काय करावं हे कळेना. इतके दिवस ज्याच्यासाठी तो मावशींच्या नणंदेशी भांडला, म्हाताऱ्याला पोस्टाऐवजी खुर्चीसकट घरी धाडलं, घरखर्चाचे पैसे गल्ल्यावर ओतले, ते जगणं त्याच्या गळ्याशी आलं होतं. तो गुडघ्यांवरच सरकत जावईबापूंपाशी गेला आणि त्यांचा हात धरला.

“जावईबापू, मला मारा.”

“आता?”

“आता! पुन्हा शूटिंग करा आणि पहिल्याच प्रसंगात मारा. नावं पडद्यावर यायच्या आधी मारा! मी तुमच्यासाठी वाटेल तसा मरतो. मग सगळ्या सिनेमाभर मागं कामं करताना दिसतो.”

जावईबापू विचारात पडले. “कल्पना वाईट नाही. पण तुम्ही आधीच मेलात, तर शेवटी जिवंत कोण राहणार?”

त्यांनी एकेकाकडं पाहिलं. पॉलिशवाल्याला अंगणात काहीतरी उघडं राहिल्याचं आठवलं. मामा कंबर धरून उठले. टेम्पोवाला म्हणाला, टेम्पो रस्त्यात आहे. मावशी म्हणाल्या, मी तर मरताना सगळं बोलून बसलेय, आता जगले तर लोक मला सोडणार नाहीत. वॉचमननं नुसते डोळे उघडले आणि परिस्थिती बघून परत मिटले.

मालक सतरंजीवरूनच म्हणाले, “शेवटपर्यंत जिवंत राहायचं काम तुम्हीच करा, जावईबापू. तुम्हाला सवय आहे. बाकी सगळ्यांना उद्या दुकानात कामं आहेत.”

‘बाकी सगळ्यांत’ आपण धरलेले आहोत का, हे विचारायची बसाबसाची छाती झाली नाही. तो ताडकन उठला आणि सतरंज्या गुंडाळायला लागला. मालक अजून एकीवर बसलेले आहेत, हे त्याच्या लक्षात आलं नाही.